पर्व, अध्याय, श्लोक

महाभारत आपल्याला येतं, अशी माझी समजूत होती. आजीनं सांगितलेलं, कीर्तनात ऐकलेलं, रविवारी सकाळी टीव्हीवर पाहिलेलं, कादंबऱ्यांतून वाचलेलं असं सगळं मनात एकत्र झालं होतं. त्यातलं व्यासांचं कोणतं आणि नंतरच्यांचं कोणतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. एम.ए.नंतर द्रौपदीच्या कथांवर संशोधन करायचं ठरलं, तेव्हाही मी तेवढ्याच भांडवलावर उभी होते.

पहिल्या टिपणात मी मयसभेचा प्रसंग घेतला होता. दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी हसते आणि ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असं म्हणते. मार्गदर्शक बाईंनी टिपण वाचून एवढंच विचारलं, “कुठं आहे हे? पर्व, अध्याय, श्लोक सांग.”

मला सांगता येईना. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश होता, त्याचा खूप आधार वाटे. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेनं सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती नव्हती, आणि वारंवार पुण्याला जाणं मला परवडणारं नव्हतं. बाईंनी एका कागदावर वेबसाइटचा पत्ता लिहून दिला. सायबर कॅफेतून मी अठराही पर्वं पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आले. कुणी पैसे मागितले नाहीत, ओळखपत्र मागितलं नाही.

त्या संहितेत प्रत्येक ओळीच्या आधी आकडे असतात. पहिले दोन पर्वाचे, पुढचे तीन अध्यायाचे, त्यानंतरचे तीन श्लोकाचे आणि शेवटी ओळ दाखवणारं एक अक्षर. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक ओळीच्या कपाळावरच लिहिलेलं होतं. सभापर्वाचा ४३वा अध्याय काढला. दुर्योधन पाण्यात पडल्यावर तिथं भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात, सेवकही हसतात. द्रौपदी तिथं नाही. ४६व्या अध्यायात दुर्योधन वडिलांकडे गाऱ्हाणं करतो, तेव्हा बायकांसह द्रौपदीही हसल्याचं तो सांगतो. म्हणजे तिचं हसणं आपल्याला कळतं ते दुखावलेल्या दुर्योधनाच्या तोंडून. आणि ‘आंधळ्याचा मुलगा’ हे बोलणं तर कुठंच नाही. जिच्या नावावर मी प्रबंध लिहायला निघाले होते, तिच्या तोंडी न बोललेलं वाक्य मी किती सहज घातलं होतं, हे त्या रात्री समजलं.

शोधायचं कसं, हेही मला शिकावंच लागलं. ‘द्रौपदी’ एवढंच शोधून भागत नाही. ती कृष्णा आहे, पाञ्चाली आहे, याज्ञसेनी आहे, आणि संधीत ही नावं पुढच्या-मागच्या शब्दांत मिसळून जातात. तिथं कोलोन विद्यापीठानं संगणकावर आणलेले कोश कामी आले. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांची महाभारतातल्या नामांची सूची त्यांत आहे. तिचे संदर्भ जुन्या कलकत्ता प्रतीचे, त्यामुळे पुण्याच्या आवृत्तीतली जागा पुन्हा शोधावी लागे. पण कुठल्या नावानं शोधायचं, हे तिनंच मला शिकवलं. वामन शिवराम आपट्यांचा १८९० सालचा कोशही मला तिथंच वाचायला मिळाला.

पुढं स्वयंवराचा प्रसंग आला. ‘सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचे शब्द शोधले, तर मिळेनात. हाही प्रसंग मागाहून कुणीतरी रचलेला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. बाई म्हणाल्या, “आता मात्र पुण्याला जाऊन ये.” भांडारकर संस्थेत छापील आदिपर्व उघडलं आणि पानाचा खालचा भाग तळटीपांनी भरलेला पाहिला. माझ्याजवळ होती ती नुसती वरची संहिता. द्रौपदीचा तो नकार खाली, टिपेत होता. काही हस्तलिखितांत तो आहे. गणपतीनं महाभारत लिहून घेतल्याची कथाही तशीच परिशिष्टात होती. संपादक विष्णु सीताराम सुकथनकरांनी ज्याला मूळ संहितेत जागा दिली नाही, तेही फेकून दिलं नव्हतं. कोणत्या प्रतींत ते सापडतं, हे नोंदवून जपलं होतं. संगणकावर सापडलं नाही म्हणजे परंपरेतच नाही, असं नसतं, हे मला त्या तळटीपांनी शिकवलं. प्रबंधाचा विषयही तिथंच खऱ्या अर्थानं हाती आला: द्रौपदीच्या तोंडी कोणी, कुठल्या प्रदेशात, काय घातलं.

चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली. सुकथनकरांनी १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ते वाहिलं. पुढं बेलवलकर आणि वैद्य यांनी तडीस नेलं. मग १९९०च्या दशकात क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी ती सगळी संहिता संगणकावर उतरवली, आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून, दुरुस्त करून सर्वांसाठी खुली केली. पुण्यातलं हे धन माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलीपर्यंत पोचलं ते क्योतो आणि केंब्रिजमार्गे. यांतल्या कुणालाही मी भेटलेले नाही.

आज मी शिकवते. विद्यार्थी एखादी कथा सांगतात तेव्हा बाईंचाच प्रश्न मी त्यांना विचारते आणि उत्तर शोधायला त्याच संहितेकडे पाठवते. मिळालं नाही, तर तळटीप पाहायला सांगते. कोलोनच्या कोशांत चूक दिसली तर कळवण्याची सोय आहे. वाचताना काही आढळलं तर आम्ही मिळून कळवतो. ज्यांनी एकेक ओळ तपासली, त्यांच्या कामापुढं हे फार थोडं आहे. पण फुकट मिळालेल्या विद्येची परतफेड करायचा याहून योग्य मार्ग मला माहीत नाही.