न वाचता बाळगलेली मतं

बी.एड.ला असताना वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय होता मुस्लिम समाजसुधारणेचा आणि मी हमीद दलवाईंच्या विरोधात सात मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. परीक्षकांपैकी एका सरांनी नंतर सहज विचारलं, "त्यांचं काय काय वाचलंस?" मी म्हणाले, "बरंच." खरं उत्तर होतं, एक ओळही नाही. जे बोलले ते सगळं घरी, मोहल्ल्यात, लग्नाच्या दावतीत ऐकलेलं. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. मधल्या काळात मी शिक्षिका झाले. उर्दू शाळेतल्या मुलांना उर्दूही शिकवते आणि मराठीही, आणि दरवर्षी वर्गात सांगते की पुस्तक वाचल्याशिवाय त्यावर मत देऊ नये.

यंदाच्या पावसाळ्यात ठरवलं, ज्यांच्याबद्दल आपलं मत तयार आहे पण पुस्तक उघडलेलं नाही, ती आधी वाचायची. पालघर ते बोईसर गाडीत जेमतेम दहा-बारा मिनिटं मिळतात, मध्ये उमरोळीला थोडी चढउतार. बसायला जागा मिळाली तर सात-आठ पानं होतात. परतीची गाडी उशिरा असली तर फलाटावर आणखी पंधरा. पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकाचे या बाबतीत माझ्यावर उपकार आहेत.

सुरुवात अर्थातच दलवाईंपासून. 'इंधन' ही १९६५ची कादंबरी. पुस्तकाला मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, हेही सांगून टाकते. स्टाफरूममध्ये कव्हर जरा सरकलं तेव्हा एका बाईंनी नाव वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "टेबलावर नका ठेवू हं." त्यांनीही ती वाचलेली नव्हती.

मला वाटलं होतं, पानापानावर मौलवी आणि तलाक असणार. तसं काही नाही. आजारातून उठलेला एक माणूस कित्येक वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो. घरात वडील आहेत, भाऊ आहे, भावजय आहे. गावात मुसलमान, कुळवाडी, बौद्ध झालेले महार. जमिनीचे वाद, जुने मानपान, बाईमाणसांवरून चालणारी कुजबुज असं सगळं आतल्या आत धुमसत राहतं आणि शेवटी गाव पेटतं. दलवाई आपल्यांना सोडत नाहीत, त्यांनाही सोडत नाहीत, आणि स्वतःच्या निवेदकाला तर अजिबात सोडत नाहीत. दंगलीच्या बातम्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. पण दंगलीच्या आधी गावात काय काय चाललेलं असतं, कोण कुणाकडे जायचं बंद होतं, कोणता जुना हिशेब कुणाला अचानक आठवतो, हे मला या पुस्तकात पहिल्यांदा नीट दिसलं. इतकी चांगली कादंबरी मी वीस वर्षं न वाचता नाकारली, याचं वाईट वाटलं.

पण माझी तक्रारही आहे. ह्या गावात मशीद आहे, रिवाज आहेत, पण दीन कुणाच्या आतला असा मला सापडला नाही. आमची अम्मी फजरची नमाज झाल्यावर दहा मिनिटं मुसल्यावर तशीच बसून राहते. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असतं त्याला दलवाईंच्या गावात जागा नाही. दुसरं म्हणजे बायका. त्या दिसतात, सोसतात, पण त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला फारसं कळलं नाही. दलवाईंचे राजकीय लेख अजून वाचायचे आहेत. तोवर त्यांच्यावर गप्प.

बायकांची ती भूक मेहरुन्निसा दलवाईंच्या 'मी भरून पावले आहे' या आत्मकथनाने भागवली. भाषा समोर बसून बोलल्यासारखी, कुठे अलंकार नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत तोंडी तलाकच्या विरोधात सात मुस्लिम स्त्रियांनी मोर्चा काढला, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं ते "फक्त सात!" असं हसण्यापुरतं. माझ्या त्या बक्षीसपात्र भाषणातही हा विनोद होता आणि सगळ्यात मोठी टाळी त्यालाच पडली होती. पुस्तक वाचताना मनात आलं, आज, इतक्या वर्षांनंतर, माझ्या मोहल्ल्यातून मला सहा जणी मिळतील का? मेहरुन्निसा २०१७च्या जूनमध्ये गेल्या. त्याच ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरवला. पुढे २०१९चा कायदा आला. नवऱ्याला तुरुंगात टाकणारं त्यातलं कलम मला पटत नाही, पण तो विषय वेगळा.

पुस्तकात मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते घर चालवण्याच्या गोष्टींनी. नवरा चळवळीत, नंतर आजारात, आणि पगार बायकोचा. समाजसुधारकांच्या चरित्रांत हा पगार एका वाक्यात उरकतात. इथे तो पानोपानी आहे. एक नापसंतीही सांगते. नवऱ्यावरचं प्रेम इतकं मोठं आहे की काही ठिकाणी त्यांना राग यायला हवा होता तिथे त्या पुढे निघून जातात. मी थांबले असते.

मधल्या काही पुस्तकांबद्दल थोडक्यात. माझा एक भाचा तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर आहे, बारा तासांची पाळी करतो. त्याने मोठ्या उत्साहाने 'रिच डॅड पुअर डॅड'चा मराठी अनुवाद आणून दिला. त्यातला गरीब बाप शिक्षण क्षेत्रातला आहे, हे कळल्यावर मी जरा सावधच वाचू लागले. पैसा कामाला लावा, असं पुस्तक सांगतं. पाळी संपवून रसायनाच्या वासाचे कपडे घेऊन घरी येणाऱ्या माझ्या भाच्याने कोणता पैसा कामाला लावायचा, ते सांगत नाही. अर्ध्यावर सोडलं. भाच्याला म्हटलं, "चांगलं आहे." त्याच्याशी खोटं बोलले, इथे खरं लिहिते. तो इथलं वाचत नाही.

'पानिपत' दुसऱ्यांदा वाचली. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ची, वेग अजून तसाच. नववीच्या मुलांना मी तिच्यातल्या इब्राहिमखान गारद्याबद्दल सांगते आणि मुलं ताठ बसतात. मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा, शेवटपर्यंत साथ न सोडणारा. यंदा मात्र एका मुलाने विचारलं, "टीचर, आपला माणूस गोष्टीत यायला मरावाच लागतो का?" मला उत्तर देता आलं नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांत एकतर नजीबखान असतो, नाहीतर इब्राहिमखान. पाणी भरणारा, घोड्याला नाल ठोकणारा, लढाईला कंटाळून घरी जाऊ पाहणारा एखादा साधा मुसलमान कुणी लिहीत नाही. हा दोष एकट्या 'पानिपत'चा नाही, आणि पुस्तक मला अजूनही आवडतं.

साधा मुसलमान भेटला तो उर्दूत, सलाम बिन रज्जाक यांच्या कथांमध्ये. पनवेलचा हा माणूस मुंबईत शिक्षकी करत आयुष्यभर लिहीत राहिला. 'शिकस्ता बुतों के दरमियान' या संग्रहासाठी २००४ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२४मध्ये ते वारले. त्यांची 'अंजाम-कार' ही कथा बोईसरच्या कुठल्याही चाळीत घडू शकेल. दारूच्या गुत्त्याशेजारी राहणारा एक पांढरपेशा माणूस पोलिसांत तक्रार करायला जातो, आणि शेवटी त्याच गुत्त्यावर जाऊन बसतो. बस, एवढंच. मराठीवाल्यांनी त्यांना अजून म्हणावं तसं वाचलेलं नाही. उर्दूवाल्यांनीही नाही, कारण उर्दू वाचणारेच कमी होत चाललेत. माझ्या वर्गातल्या किती मुलांच्या घरी उर्दूचं एखादं पुस्तक आहे, हे मी एकदा हात वर करायला लावून मोजलं होतं. आकडा लिहीत नाही.

आता ज्या पुस्तकाबद्दल लिहिणं मी तीन आठवडे टाळत होते त्याच्याकडे येते. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७०चं पुस्तक, १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार. पालघर जिल्हा २०१४ला झाला, पण त्याचा खरा इतिहास कुठे वाचायचा असं कुणी विचारलं तर हेच पुस्तक सांगावं लागेल. तलासरी, डहाणू, उंबरगाव. लग्नाला घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही जन्मभर सावकाराची लग्नगडी. वेठबिगार. मग १९४५च्या मे महिन्यात झरीची परिषद, आणि पुढचं लाल बावट्याचं सगळं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच वारली गेले.

मी हे पुस्तक कम्युनिस्टांचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. वाचायला घेतल्यावर गवताच्या संपापाशी अडकले. वारल्यांची मागणी होती, पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. तो आकडा वाचला आणि मला आमच्या नानांचा काटा आठवला.

नाना म्हणजे अम्मीचे वडील. डहाणू रोडला एका गवताच्या वखारीत ते वजनावर होते. इकडचं गवत तेव्हा गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना जायचं. तारापूरच्या घरात माळ्यावर त्यांचा लोखंडी काटा अजून आहे, आणि "नानांचा काटा कधी चुकला नाही" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. घरातली इज्जतच ती. पाचशे पौंड भरले की नाही, हे वारल्याला ठरवता येत नव्हतं. ते काट्यावरचा माणूस सांगणार. काटा चुकला नाही, पण कुणाच्या बाजूने चुकला नाही? हा प्रश्न गाडीतच मनात आला आणि पुढची दोन स्टेशनं मी पान उलटलं नाही. बोईसर मागे पडलं, वाणगावला उतरून परत यावं लागलं.

परुळेकरांच्या पुस्तकावर माझा आक्षेपही आहे. त्यांचे वारली फार लवकर एकमुखी होतात. घाबरलेले, फितूर झालेले, दोन्हीकडे पाय ठेवणारे लोक येतात आणि पटकन जातात. मधल्या माणसांबद्दल, मुकादम, कारकून, काट्यावाले, त्यांना फारसं कुतूहल नाही. कदाचित मी नानांची नात नसते तर ही उणीव मला दिसलीही नसती. आक्षेप खरा आहे की वकिली, हे माझं मलाच नक्की सांगता येत नाही.

गेल्या रविवारी तारापूरला गेले. बोईसरहून शेअर रिक्षा, डाव्या-उजव्या हाताला कारखाने, मग मोकळी हवा आणि चिंचणीच्या बाजूचा समुद्राचा वास. अम्मीला मराठी वाचता येत नाही, तिचं शिक्षण उर्दूत चौथीपर्यंत. दुपारी जेवणं झाल्यावर मी तिला गवताच्या संपाचा भाग वाचून दाखवला, आमच्या घरच्या बोलीत करत करत. ती कोळंबी सोलत होती. हात थांबले नाहीत. वाचून झालं तेव्हा तिने विचारलं, "नानांचं नाव आहे का त्यात?"

"नाही."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली की गवताच्या दिवसांत नाना रात्री जेवत नसत. नानी ताट झाकून ठेवायची, सकाळी ते तसंच असायचं. पोटाचा त्रास असेल, असं त्यांना सगळ्यांना वाटायचं.

कोळंबीचं पातेलं घेऊन ती उठली आणि आतून म्हणाली, "पुढचं संध्याकाळी वाच. असरनंतर."