ताळा जमतो, तरीही

डिस्क भरत आली की ही चूक डोकं वर काढायची. मधेच लिहिणं थांबायचं, यंत्र म्हणायचं, जागा संपली. थोड्या वेळानं पाहावं तर जागा आहे. डिस्कची रचना तपासणारं एफएससीके चालवावं, तर ते आपल्या पाचही फेऱ्या मारायचं, शेवटच्या फेरीत गटागटातले मोकळे ब्लॉक मोजून बेरजा ताडायचं आणि एकही खोट न काढता थांबायचं. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाईलसिस्टिमवरच्या या चुकीचा माग काढण्यात माझा बराच काळ गेला. कुणाची फाईल हरवली नव्हती, एक बाइटही बिघडला नव्हता. हिशेब तेवढा चुकत होता, आणि त्याचीच मला तगमग होती.

एरवी फाईलसिस्टिमचा हिशेब सांभाळणाऱ्या जर्नलवर माझी श्रद्धा आहे. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये त्याची मांडणी लिहिली, २००१ च्या अखेरीस ते जर्नल असलेलं ईएक्सटी-३ लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं. त्याआधी वीज गेली की सगळी डिस्क पिंजून काढावी लागे. दुकानात व्यवहार आधी कीर्दीत पडतो आणि मग खतावणीत जातो, तसंच इथे घडतं. डिस्कच्या रचनेतले फेरफार आधी जर्नलमध्ये उतरतात, शेवटी कमिटचा ब्लॉक पडतो, मग ते फेरफार आपापल्या जागी जातात. कमिट नाही, तर व्यवहार झालाच नाही. इतकी चोख व्यवस्था. पण मी ज्याच्या मागे होतो तो आकडा जर्नलमध्ये कधी लिहिलाच जात नाही.

आपण फाईलमध्ये लिहितो तेव्हा ईएक्सटी-४ डिस्कवरची जागा लगेच ठरवत नाही. मजकूर मेमरीत थांबतो आणि तेवढी जागा राखल्याची नोंद होते. नेमकी कुठली, ते मजकूर खाली उतरताना ठरतं, बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपास. या उशिरात शहाणपण आहे. फाईलचा आवाका कळला की तिला सलग जागा देता येते. मधल्या वेळात मात्र हाती असतो तो निव्वळ शब्द. डीएफ ही आज्ञा जी मोकळी जागा दाखवते त्यातून हे राखीव आकडे आधीच वजा झालेले असतात. आणि हे आकडे फक्त मेमरीत जगतात. मजकूर उतरला की संपले, अनमाउंट केलं की पुसले गेले.

मी तीन ठिकाणी ट्रेस लावले: जागा राखली तिथे, राखलेली वापरली तिथे, न वापरता सोडली तिथे. राखलेली म्हणजे वापरलेली अधिक सोडलेली, असा साधा ताळा. एफएसएक्स नावाचं साधन फाईलवर आडवीतिडवी लिहितं, ती कापतं, तिच्यात भोकं पाडतं. सुरुवातीचा आकडा तोच दिला की तेच घाव त्याच क्रमानं बसतात. ते चालवलं आणि शेवटी बेरीज केली. ताळा जमला. पुन्हा चालवलं, पुन्हा जमला. चूक होती ती मधल्या वेळात. लिहिताना जास्त राखलं जाई आणि मजकूर उतरताना ते जादाचं गुपचूप परत येई. त्या मधल्या वेळात कुणाला तरी जागा नाकारली गेलेली असे, आणि त्याची नोंद कुठेच नसे. शेवटी जमलेल्या ताळ्यानं त्याचं समाधान कसं व्हावं?

मजकूर कधी उतरायचा हे घड्याळ आणि मेमरीवरचा ताण ठरवतात. म्हणून मी घड्याळाला बाजूला सारलं आणि मध्ये हातानं सिंक घातला, म्हणजे मजकूर तिथल्या तिथे खाली उतरवला. मग सगळं चार ओळींत आलं. त्या डिस्कवर बिगॲलॉक होतं, म्हणजे जागा सुट्या ब्लॉकनं न देता सोळा-सोळा ब्लॉकच्या क्लस्टरनं दिली जात होती. तिसरा ब्लॉक लिहिला, एक क्लस्टर राखला गेला. सिंक केला, क्लस्टर मिळाला, राखीव आकडा शून्यावर. मग त्याच क्लस्टरमधला नववा ब्लॉक लिहिला. त्याला नवी जागा लागतच नाही, ती आधीच पदरात पडली आहे. तरी ट्रेसमध्ये ओळ आली: आणखी एक क्लस्टर राखला. सापडली! मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० कर्नलमध्ये एरिक व्हिटनी यांच्या पॅचनी हा हिशेब दुरुस्त केला. ते वाचताना मला मनापासून आनंद झाला. राखण्याआधी आता विचारलं जातं, या क्लस्टरला डिस्कवर जागा मिळालेली आहे का? असेल तर राखीव आकडा वाढत नाही. एवढ्यावर भागलं असतं असं वाटतं, पण त्यांनी पुढचाही प्रसंग धरला आहे. नववा ब्लॉक अजून मेमरीत आहे आणि तेवढ्यात कुणी तिसरा ब्लॉक कापून टाकला, तर क्लस्टर मोकळा होईल आणि नवव्याची जागा जाईल. म्हणून अशा सामायिक क्लस्टरची नोंद एका वेगळ्या वृक्षात ठेवली जाते, आणि क्लस्टर सोडतानाच नवव्या ब्लॉकसाठी एक क्लस्टर पुन्हा राखला जातो.