पायांखालची पोकळी

घर बांधतांना आपण मुहूर्त पाहतों, लांकूड पारखून घेतों, पाया खोल खणतों. परंतु ज्या जमिनीवर घर उभें राहावयाचें ती उद्यां जागेवर असेल कीं नाहीं, हा विचार बहुधा कोणाच्या मनांत येत नाहीं. आम्हां चंद्रपूर जिल्ह्यांत राहणाऱ्यांस मात्र तो करावा लागतो. येथें वर्धेच्या खोऱ्यांत दगडी कोळसा आहे, व तो एकोणिसाव्या शतकापासून भूगर्भांतून काढला जात आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजीं घुग्घुस येथील अमराई वॉर्डांत, जुन्या भूमिगत खाणीच्या परिसरांत, एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. घरांतील मंडळी वेळींच बाहेर पडली म्हणून वांचली. आसपासच्या पुष्कळ कुटुंबांस तेथून हलवावें लागलें.

कोळसा काढतांना जागोजाग त्याचेच खांब राखतात, व वरचें छत त्यांवर पेललें जातें. खाण बंद होते, माणसें निघून जातात. खांब मात्र ओझें वाहत राहतात. पाण्यानें व काळानें ते झिजतात, ढांसळतात, आणि छत बसूं लागतें. कधीं कधीं खाण बंद होऊन कित्येक दशकें लोटल्यावर हें घडतें. वर राहणाऱ्यांस आपल्या खालीं पोकळी आहे हेंहि ठाऊक नसतें. खाण खोल असेल तर जमीन पसरट परातीसारखी सावकाश खचते. उथळ असेल तर एकदम भगदाड पडतें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

सावकाश खचणें डोळ्यांस दिसत नाहीं. महिन्याकाठीं बोटभर जमीन खालीं गेली तर कोणास कळणार? तें सुमारें ७०० किलोमीटर उंचीवरून कळतें, हें ऐकून आम्हांस प्रथम थट्टाच वाटली. यूरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेंतील पहिला उपग्रह ३ एप्रिल २०१४ रोजीं सोडण्यांत आला. हे उपग्रह रडारच्या लहरी जमिनीवर सोडतात व त्यांचा प्रतिध्वनि टिपतात. रात्र असो वा ढग असोत, त्यांचें कांहीं अडत नाहीं. लहरीची लांबी सुमारें ५.६ सेंटिमीटर. बारा दिवसांनीं उपग्रह पुन्हां त्याच मार्गावर येतो. मधल्या काळांत जमीन त्याच्यापासून १.४ सेंटिमीटर दूर गेली, तर लहरीस जातांना तेवढें व येतांना तेवढें, असें २.८ सेंटिमीटर अंतर अधिक पडतें. म्हणजे पूर्वीं जेथें लहरीचा माथा परतला तेथें आतां तिचा तळ परततो. दोन्ही वेळच्या नोंदींची वजाबाकी रंगांनीं दाखवितात. जमीन २.८ सेंटिमीटर दूर गेली कीं रंगांचें एक वलय पुरें होतें. फ्रान्समधील गार्दान येथील कोळशाच्या खाणीवरची जमीन या रीतीनें मोजल्याचें १९९६ सालींच प्रसिद्ध झालें आहे. अशीं चित्रें पाहतांना आम्हांस तळ्यांत खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांची आठवण झाली. वलयें मोजावीं आणि गुणाकार करावा. सातवींतल्या मुलासहि जमेल.

मात्र या गुणाकारांत फसगत पुष्कळ. हवेंतील बाष्पामुळें लहर रेंगाळते व न खचलेली जमीनहि खचलेली दिसते. म्हणून एका जोडीवर न विसंबतां अनेक चित्रें घ्यावीं लागतात. शिवाय पावसाळ्यांत कपाशी, सोयाबीन वाढूं लागलें कीं बारा दिवसांत शेताचें रूपच पालटतें आणि दोन नोंदींचा मेळ बसत नाहीं. पत्र्याचीं छपरें, पूल, रूळ, उघडा खडक हे खरे विश्वासू साक्षीदार. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या, भारत व अमेरिका यांच्या निसार उपग्रहाची एक लहर सुमारें २४ सेंटिमीटर लांबीची आहे. ती पानांतून अधिक पार जाते, म्हणून आम्हांस तिची मोठी आशा वाटते.

खाणीजवळच्या एका वस्तींत आमचें जाणेंयेणें आहे. तेथील एका आजींच्या भिंतीस तिरपा तडा गेला आहे. दर दिवाळीस त्या तो मातीनें लिंपतात; होळीपर्यंत तो पुन्हां उघडतो. चौकट कलल्यामुळें दार उंबऱ्यास घांसतें. तक्रार केली तेव्हां, तुमच्या घराचा पायाच कच्चा आहे, असें त्यांस सांगण्यांत आलें. आम्हीं उपग्रहाची हकीकत सांगितली, तेव्हां त्यांनीं विचारलें, ‘‘गुरुजी, इतक्या वरून त्याले माह्यं घर दिसते का?’’

एकटें घर दिसत नाहीं, असें आम्हांस सांगावें लागलें. चित्रांतील एक ठिपका म्हणजे सुमारें ५ मीटर बाय २० मीटर जागा. तींत आजींचें घर, गोठा, शेजाऱ्याचें अंगण सारेंच येतें. पण सबंध आळीचे ठिपके महिन्यामागून महिने खालीं जात असतील, तर एकट्या आजींचा पाया कच्चा कसा? दहा वर्षांहून अधिक काळाचीं हीं चित्रें जपून ठेवलेलीं आहेत, व तीं कोणासहि विनामूल्य मिळतात. तडा केव्हां पडला याची साक्ष मागाहूनहि काढतां येते, हा गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

भगदाडाची गोष्ट वेगळी. उथळ खाणीचें छत आंतल्या आंत ढांसळत वर येतें व शेवटच्या घटकेपर्यंत जमिनीवर कांहीं दिसेलच असें नाहीं. तेथें बारा दिवसांनीं येणारा पाहारेकरी काय करणार? तेथें खाणीचे जुने नकाशे आजच्या घरांच्या नकाशावर ठेवून पाहावे लागतात, संशयाच्या जागीं जमिनींत भोंक पाडून पोकळी तपासावी लागते, व ती सांपडल्यास पाण्याबरोबर वाळू सोडून भरतात.

आजींच्या आळीचीं चित्रें पाहण्याचें काम आमच्या वरच्या वर्गांतील चार मुलांनीं अंगावर घेतलें आहे. पावसाळ्यांतील चित्रें त्यांनीं तूर्त बाजूस ठेवलीं आहेत.