भूगर्भाचे दप्तर

पुणे, गुरुवार

चि. मंजिरी हिस अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पोचले. प्रकृतीचे व मुक्कामाचे वर्तमान वाचून समाधान झाले. परंतु उत्तरार्धात तू जी कैफियत मांडली आहेस, तिच्याविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पृथ्वीच्या पोटातील रहस्ये उकलण्याची उमेद धरून तू भूभौतिकीच्या संशोधनास आरंभ केलास, आणि तुझ्या मार्गदर्शकांनी मात्र जुने भूकंपालेख तुझ्या पुढ्यात ठेवून प्रत्येक तरंगाच्या आगमनाची वेळ नव्याने वाचून टिपण्याच्या कामाला तुला जुंपले. जे काम संगणक क्षणार्धात उरकतो त्यासाठी माणसाने डोळे का शिणवावेत, असा तुझा सवाल आहे, आणि तो गैरवाजवी नाही. उत्तर देण्याइतकी विद्वत्ता मजजवळ नाही. पण सारी हयात मोजणीखात्यात गेल्यामुळे मूळ नोंद आणि तिच्यावरून उतरवलेली नक्कल यांत काय अंतर पडते, एवढे मी जाणतो. शिवाय तुझ्या शास्त्रातील ज्या व्यक्तीचे चरित्र मला सर्वांत मननीय वाटते, ती व्यक्तीही भूमापनाच्याच खात्यात चाकरीला होती.

इंगे लेहमान हे नाव तुझ्या पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीपुरते आले असेल. १३ मे १८८८ रोजी कोपनहेगनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील आल्फ्रेड लेहमान हे डेन्मार्कमधील प्रायोगिक मानसशास्त्राचे आद्य प्रवर्तक. आणि शाळा लाभली ती नील्स बोर यांच्या मावशी हाना आडलर यांची, जिथे मुलगे व मुली एकाच वर्गात एकच अभ्यासक्रम शिकत आणि मुलींच्या बुद्धीचा हिशेब निराळ्या खात्यावर मांडण्याची रीत नव्हती. शाळेबाहेरच्या जगात ती रीत पुरेपूर चालू आहे, हे त्यांना पुढे अनुभवाने कळले. गणिताच्या अभ्यासासाठी १९१० मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजात गेल्या. परंतु अतिश्रमाने प्रकृती खालावून मायदेशी परतल्या आणि त्यानंतर कित्येक वर्षे विमागणिताच्या एका कचेरीत आकडेमोड करीत राहिल्या. पदवी पुरी झाली ती १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. ही मधली वर्षे वाया गेली असे वरवर पाहणारास वाटेल. पण लांबलचक गणिते न कंटाळता आणि न चुकता तडीस नेण्याची जी सवय त्यांना तिथे जडली, तिच्याच बळावर त्यांचे पुढचे सारे कार्य उभे आहे.

भूकंपशास्त्राशी त्यांचा संबंध आला तो १९२५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी. भूमापन विभागाचे संचालक नोर्लुंड यांनी त्यांना सहायक म्हणून घेतले आणि डेन्मार्क व ग्रीनलंड येथे भूकंपमापक स्थानके उभारण्याच्या कामावर नेमले. त्यांपैकी स्कोर्सबीसुंड हे ठाणे ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर इतके एकाकी, की बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध वर्षाकाठी एखाद्या जहाजापुरताच येई. १९२८ मध्ये नव्या भूमापन संस्थेच्या भूकंपशाखेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले आणि ते पुढे पंचवीस वर्षे त्यांच्याकडेच राहिले. यंत्रे चालू ठेवणे, आलेख वाचणे, निरीक्षणांची पत्रके छापून देशोदेशी धाडणे, हा त्यांच्या नोकरीचा तपशील. संशोधन त्यात कुठेच मोडत नव्हते. ते करण्याची मोकळीक तेवढी होती, आणि तिचा त्यांनी काय उपयोग केला, ते आता सांगतो.

त्या काळी पृथ्वीच्या अंतरंगाविषयी काय ठाऊक होते? या ज्ञानाचा एक धागा आपल्या देशातून निघतो, हे तू ध्यानात ठेव. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाची तपासणी केली, आणि त्याचे पडसाद दूर युरोपातील यंत्रांवर कसे उमटले हे पाहून भूकंपाचे तरंग तीन प्रकारचे असतात हे वेगळे करून दाखविले. पुढे १९०६ मध्ये त्यांनीच पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. भूकंपशास्त्रज्ञ गुटेनबर्ग यांनी या गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर निश्चित केली, आणि १९२६ मध्ये जेफ्रीज यांनी तो द्रवरूप असल्याचे प्रतिपादन केले. या द्रव गाभ्यात शिरताना तरंगांचा वेग घटतो व ते आत वळतात; त्यामुळे भूकंपाच्या केंद्रापासून साधारण १०५ अंशांपासून १४० अंशांपर्यंतच्या पट्ट्यात प्राथमिक तरंग पोचूच नयेत, असे गणित सांगत होते. या पट्ट्यास छायाक्षेत्र म्हणतात. अडचण एवढीच होती, की त्या छायेतही काही तरंग, क्षीण का होईना, उमटत होते.

सातबाऱ्यावरचे क्षेत्र जागेवरच्या मोजणीशी जुळेनासे झाले, म्हणजे एक कारकून साखळीत दोष असेल म्हणून शेरा मारतो आणि मिसल बंद करतो. दुसरा बांधावर जाऊन उभा राहतो. छायाक्षेत्रातील त्या तरंगांवर शास्त्रज्ञांनी असाच शेरा मारून ठेवला होता: गाभ्याच्या कडेशी विवर्तन होऊन थोडीशी ऊर्जा छायेत सांडते, एवढेच. शेरा मारणारे सामान्य नव्हते. खुद्द गुटेनबर्ग त्या मताचे होते.

१९२९ च्या जूनमध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मर्चिसन येथे मोठा भूकंप झाला. हे ठिकाण युरोपच्या जवळजवळ पायाखाली असल्यामुळे त्याचे तरंग थेट गाभ्यातून पार होऊन उत्तर गोलार्धातील स्थानकांवर आले, आणि स्व्हेर्दलोव्स्क व इर्कुत्स्क ही रशियातील स्थानके तर नेमकी छायाक्षेत्रात सापडली. लेहमानबाईंनी निरनिराळ्या स्थानकांचे आलेख मिळवून स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. दुसऱ्याने काढलेल्या आगमनवेळांच्या कोष्टकावर त्या विसंबत नसत, कारण कोष्टकात केवळ वेळ उतरते. तरंगाचा आकार, त्याच्या आरंभाची तीक्ष्णता, उभ्या दिशेच्या यंत्रावर तो किती ठसठशीत उमटला आणि आडव्या दिशेच्या यंत्रावर किती पुसट, हे काहीच उतरत नाही. त्यांचे दप्तर कसले होते म्हणशील, तर ओटच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यांचे. त्यांच्या एका नातलगाने सांगून ठेवले आहे, की बाई बागेत हिरवळीवर मोठे टेबल मांडून बसत आणि त्या डब्यांत भूकंपांची व स्थानकांची माहिती लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डे हारीने लावलेली असत. संगणक तेव्हा यायचे होते.

त्या कार्डांवरून त्यांची खात्री पटली, की छायेतील हे तरंग विवर्तनाने समजावण्याइतके दुबळे नाहीत. मग त्यांनी एक अत्यंत साधी पृथ्वी कल्पिली: बाहेरच्या प्रावरणात तरंगांचा वेग सेकंदास १० किलोमीटर, गाभ्यात ८ किलोमीटर, आणि गाभ्याच्या पोटात आणखी एक लहान गोल, जिथे वेग पुन्हा वाढतो. वेग थरागणिक स्थिर धरल्यामुळे किरण सरळ रेषेत जातात आणि प्रश्न शाळेतल्या त्रिकोणमितीच्या आवाक्यात येतो. असा अंतर्गाभा असेल तर त्यावर आपटून काही किरण छायाक्षेत्रातच पडले पाहिजेत, आणि आलेखांवर ते पडलेले होतेच. १९३६ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक म्हणजे पी हे एक अक्षर आणि त्याच्या शिरावर एक टिंबवजा रेघ. अंतर्गाभा सिद्ध झाला असा दावा त्यात नाही, आणि तो घन आहे असेही त्यांनी म्हटले नाही. उपलब्ध पुराव्याशी ही कल्पना जुळते, एवढेच म्हटले. दोन-तीन वर्षांतच गुटेनबर्ग व रिक्टर यांनी आणि मागोमाग जेफ्रीज यांनी ती स्वीकारली. ज्यांच्या मताविरुद्ध निबंध लिहिला, त्यांनीच तो मान्य करावा, याहून मोठा दाखला विद्वानाला कोणता हवा?

प्रभाव म्हणजे काय, असे तू मागे एकदा विचारले होतेस, आणि हल्ली तो उद्धरणांच्या संख्येत मोजतात असेही लिहिले होतेस. लेहमानबाईंचा प्रभाव पाहायचा तर त्यांच्या निष्कर्षावर पुढे काय काय उभारले गेले, ते पाहा. अंतर्गाभा घन असल्याचा तर्क बर्च व बुलेन यांनी लढविला, आणि १९७१ मध्ये झिवॉन्स्की व गिल्बर्ट यांनी सबंध पृथ्वीच्या कंपनांवरून त्याला बळकटी आणली. त्याची त्रिज्या आज सुमारे १,२२० किलोमीटर मानतात. द्रव गाभ्यातील लोह थिजून हा गोल हळूहळू वाढतो, आणि त्या घडामोडीतून सुटणारी उष्णता व हलकी द्रव्ये बाह्य गाभ्याला घुसळत ठेवून पृथ्वीचे चुंबकत्व टिकवण्यास हातभार लावतात, हे आज कोणताही विद्यार्थी सांगतो, आणि सांगताना निबंधाचा उल्लेख करण्याची त्याला गरज वाटत नाही. शोध गृहीतकात विरघळून गेला, की त्याची उद्धरणे उलट कमी होतात.

१९५२ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील भूभौतिकीचे प्राध्यापकपद त्यांना मिळेल असा रंग होता; ते मिळाले नाही. पुढच्याच वर्षी त्या सेवानिवृत्त झाल्या आणि वयाच्या पासष्टीत त्यांच्या कार्याचा दुसरा खंड सुरू झाला. अमेरिकेतील लामाँट वेधशाळेत मॉरिस यूइंग यांच्या निमंत्रणावरून त्या वारंवार जाऊन राहिल्या. अणुस्फोटांची जागा आणि घटका निश्चित ठाऊक असते, भूकंपाची तशी नसते. हे हेरून त्यांनी स्फोटांचे आलेखही वाचले आणि भूपृष्ठाखाली सुमारे २२० किलोमीटरवर तरंगवेग एकदम बदलतो असे दाखविले. त्या सीमेला आज त्यांचे नाव आहे. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १९६९ मध्ये आले, आणि १९७१ चे बोवी पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. २१ फेब्रुवारी १९९३ रोजी, एकशे चार वर्षांचे आयुष्य भोगून, त्या निवर्तल्या.

आता तुझ्या सवालाकडे येतो. संगणक आगमनाची वेळ तुझ्याहून त्वरेने काढील, यात शंका नाही. पण कोणते तरंग निरर्थक म्हणून वगळायचे याचा हुकूम त्याला कुणी तरी आधीच देऊन ठेवलेला असतो, आणि १९२९ साली असा हुकूम देणारास विचारले असते तर छायाक्षेत्रातील ते क्षीण तरंगच त्याने पहिल्याने वगळायला सांगितले असते. तुझ्या मार्गदर्शकांचा हेतू माझ्या समजुतीप्रमाणे हाच आहे, की काय वगळले जाते ते तुला स्वतः कळावे. त्या आलेखांतून नवे काही निघेलच, असे आश्वासन मी देत नाही. बहुतेक मिसली तपासून अखेर पूर्ववतच बांधाव्या लागतात, आणि त्यासाठीही कुणी तरी पगार खातेच. तेव्हा काम सोडू नकोस. मात्र प्रत्येक स्थानकाच्या घड्याळाची त्या दिवसाची दुरुस्ती किती होती, ती नोंद आधी मागून घे. ती हाती नसेल तर तुझे वाचन कितीही बिनचूक असले तरी ते कुठेच रुजू होणार नाही.

तुझ्या आईला वेगळे पत्र टाकले आहे. तुझ्या मामीने लिंबाचे लोणचे धाडले आहे, पोचल्याचे कळव. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा