माळावरचा डबा

यंदा एप्रिलमध्ये भाचा मैंदर्गीला आला तो एक डबा घेऊनच. स्टीलचा, घट्ट झाकणाचा. काकूला वाटलं, चिवडा असेल! आत निघाली एक छोटी वही, पेन्सिल आणि अक्कलकोटच्या भोसले संस्थानाची माहिती लिहिलेला कागद.

तर जिओकॅशिंग नावाचा हा खेळ. डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. अनोळखी माणसं जीपीएस घेऊन शोधत येणार, वहीत नाव लिहिणार आणि डबा परत तिथेच ठेवणार. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ तारखेला ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला. त्याआधी शंभरेक मीटर इकडचं तिकडे सहज व्हायचं.

भाच्याचं म्हणणं, लोक अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेतात आणि तसेच परततात. डब्याच्या निमित्ताने इथवर येतील, माळ बघतील, एकाच वाक्यातलं कानडी-मराठी ऐकतील. मलाही पटलं.

सकाळी अकराच्या उन्हात आम्ही दोघं काकांच्या रानापलीकडच्या माळावर गेलो. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत नुसती ओरडत होती. "मावशी, स्वागत बघ!" म्हणत भाच्याने फोटो काढले. मीही हसले. दगडांच्या ढिगात डबा ठेवून, पुन्हा पुन्हा आकडे तपासून निघायला अर्धा तास गेला.

संध्याकाळी ऐकल्यावर काका एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "अगं, तिथं तिची अंडी आहेत. खड्याच्या रंगाची. तुम्ही हलल्याशिवाय ती बसणार कशी?"

टिटवी घरटं असं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर खड्ड्यात अंडी. उन्हाळ्यात ऊब देण्यापेक्षा सावली देणं मोठं काम. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, हे आजीकडून ऐकलेलं. बाकीचं साठ वर्षं रानात काढलेल्या काकांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

पहाटे ऊन चढायच्या आत भाचा एकटाच जाऊन डबा घेऊन आला. म्हणाला, "आपण अर्धा तास थांबलो. शोधायला येणारा प्रत्येक जण तेवढाच थांबेल." चंडोल, तितर, सगळे जमिनीवरच अंडी घालणारे. आपल्याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं तो माळढोकही तसाच. आणि आज तो दिसला तर नशीब. मोकळा माळ म्हणजे रिकामी जागा, हे आपण धरूनच चालतो.

बिनडब्याचाही एक प्रकार असतो म्हणे. जागा बघायची आणि तिथल्या खडकाविषयी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. पुढच्या खेपेला रस्त्याकडेचा काळा कातळ बघू, असं ठरलंय. तेही काकांना विचारून.

पंधरा दिवसांनी फोनवर काकांना विचारलं. "टिटवी दिसत नाही आता," म्हणाले. पिल्लं बाहेर पडताच चालायला लागतात, म्हणजे निघूनही गेली असतील. किंवा नसतीलही. मी पुढे विचारलं नाही.

डब्यात काकूने शेंगाचटणी भरलीय.