दु फूच्या घरातला इतिहास

आज पुन्हा दु फू वाचला. तांग राजवटीतला हा कवी, जन्म ७१२चा. ७५५च्या हिवाळ्यात राजधानी छांगआनहून तो घरी आला, तेव्हा दारातच रडणं ऐकू आलं. तान्हा मुलगा उपासमारीनं गेला होता. त्यावरच्या दीर्घ कवितेत तो स्वतःच्या दुःखापाशी थांबत नाही. आपल्याला कर माफ, सक्तीची सैन्यभरती माफ. तरी ही गत. मग जमीन गेलेल्यांचं, सीमेवर धाडलेल्या शिपायांचं काय, हा विचार त्याला छळतो. त्याच सुमारास सेनापती आन लुशानचं राजवटीविरुद्ध बंड पेटलं. ते शमायला ७६३ उजाडलं. चिनी परंपरा दु फूच्या काव्याला ‘काव्य-इतिहास’ म्हणते, ते मला मनापासून पटतं. इतिहास शिकवणाऱ्यांनी सनावळीशेजारी अशी एखादी कविता जरूर ठेवावी.