गाडीआधी ओझे मोजा

गुरुवार, 4 सप्टेंबर 2025
सकाळच्या पेपरात जीएसटीची बातमी पहिल्या पानावर. 22 सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवर 18 टक्के कर. छोटी कोणती, तर चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत इंजिन. या मापात न बसणाऱ्यांना 40 टक्के. आतापर्यंत छोट्या पेट्रोल गाडीवर 28 टक्के आणि वर एक टक्का उपकर होता. म्हणजे फरक चांगलाच पडेल.
दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत, हे मात्र नीट वाचायला हवे. ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन 1462 सीसीचे, म्हणून ती वरच्या गटात गेली. पंच, एक्स्टर, मॅग्नाइट, कायगर खालच्या गटात राहिल्या. नेक्सॉन पेट्रोलही खाली, डिझेलही खाली.
गाडी बदलायची हे आमच्याकडे उन्हाळ्यातच ठरले होते. जुनी ऑल्टो बालाघाट शहरात अजून उत्तम चालते, पण आमचे तांदूळ विकण्याचे काम वाढले तशी ती पुरेना.

रविवार, 7 सप्टेंबर
आजपासून पितृपक्ष. आई म्हणाल्या, "बघायचं ते आता बघून घ्या, पैसे मात्र घट बसल्यावरच द्या." सासूबाईंचे म्हणणे मला पटले. आता पंधरा दिवस निवांत विचाराला मिळाले.
आधी गाडीची नव्हे, ओझ्याची यादी केली. धान मिलमधून कांडून आलेल्या चिन्नोर तांदळाचे कट्टे. वारासिवनीच्या बाजूला शेत आहे, तिकडे खताची पोती, फवारणीचा पंप, कधी पाण्याची मोटर. महिन्याचा किराणा, गॅसची टाकी. गुडघे दुखणाऱ्या आईंना दवाखान्यात नेणे. गोंदियाला माहेरी जाणे. आणि ऑक्टोबरपासून बैहरच्या पुढे मुक्कीकडे तांदूळ पोचवणे. कान्हा राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यानंतर 1 ऑक्टोबरला उघडते आणि मुक्की गेटच्या आसपासच्या पाहुणेघरांतली स्वयंपाकघरे पुन्हा पेटतात. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पाहुणे नाव घेऊन हा भात मागतात. तांदूळ वेळेवर आणि कोरडा पोचला पाहिजे, एवढी साधी गोष्ट आमच्या धंद्याचा पाया आहे.
यादी वाचून हे म्हणाले, "मग ईकोच घे ना." विचार चुकीचा नाही. सरकते दार, सपाट फरशी, माल टाकायला ईकोइतकी सोपी गाडी या किमतीत नाही. पण शेताच्या वाटेवर पावसाळ्यात चाकोऱ्या खोल पडतात, तिथे ती खालून लागते. शिवाय याच गाडीत आई बसणार, मुलगी बसणार. अपघाताच्या चाचणीत मिळणारे सुरक्षेचे तारेही मला बघायचे आहेत.

बुधवार, 10 सप्टेंबर
माहितीपत्रके जमवली. सगळीकडे डिक्कीचे लिटर ठळक छापलेले. पंच 366, एक्स्टर 391, नेक्सॉन 382, फ्रॉन्क्स 308. आकडे खरे आहेत, पण आमच्यासारख्यांना लिटरपेक्षा किलो महत्त्वाचे. युरियाचे पोते 45 किलोचे (2018 पर्यंत 50 चे होते), डीएपीचे 50 किलोचे. चार पोती युरिया डिक्कीत बसला म्हणजे मागच्या चाकांवर 180 किलो आले. पाच माणसे प्रत्येकी 65 किलोची धरली तरी सव्वातीनशे किलो होतात. पाच माणसे आणि चार पोती एकदम घेतली तर एकूण पाचशे किलोच्या वर जाते, आणि या वर्गातली गाडी त्यासाठी बनवलेली नाही.
म्हणून कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न हा: माल आणि माणसांसह गाडीचे कमाल वजन किती, आणि रिकाम्या गाडीचे किती? दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमची खरी मर्यादा. विक्रेत्याला हा आकडा तोंडपाठ नसतो, पण पुस्तिकेत असतो. मागून घ्यावा.
जमिनीपासूनच्या उंचीचेही तसेच. पंचची 187 मिलिमीटर, एक्स्टरची 185, नेक्सॉनची 208. हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. माल भरला की मागचा भाग बसतो आणि उंची कमी होते. खड्ड्याशी गाठ पडते ती भरलेल्या गाडीची.

रविवार, 14 सप्टेंबर
आज इंधनावर चर्चा. शेजारच्या गॅरेजवाल्या भाऊंचा अनुभव मोठा. त्यांनी एकच विचारले, "वहिनी, गाडी रोज किती लांब जाणार?" बहुतेक दिवस बाजार, मिल, शाळा, दवाखाना. म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्या. ते म्हणाले, मग डिझेल नको. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ व्हायला इंजिन चांगले तापून काही वेळ सलग एका वेगात चालावे लागते. रोज गल्लीतून बाजारात आणि बाजारातून गल्लीत चालणारी गाडी तेवढी तापतच नाही, जाळी तुंबते, दिवा लागतो. ज्याला रोज बैहर-मलाजखंड करायचे आहे त्याने डिझेल जरूर घ्यावे. चढावर डिझेलचा जोर वेगळाच.
सीएनजीचा खर्च कमी, पण टाकी डिक्कीत येते. पंचमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवल्या आहेत. कल्पना चांगली, तरी डिक्की 210 लिटरवर येते. ज्याचे ओझे पिशव्यांचे आहे त्याला चालेल. आमचे कट्ट्यांचे आहे. पेट्रोल ठरले.

गुरुवार, 18 सप्टेंबर
गोंदियाला आईंना घेऊन गेले. बाघ नदीच्या पुलावरून महाराष्ट्रात शिरलो, पाणी अजून गढूळ आणि भरपूर. तीन शोरूम पाहिले.
सोबत शिवणकामाची टेप आणि रिकामे कट्टे घेतले होते. एक कट्टा तिथेच कागदाच्या गठ्ठ्यांनी भरून डिक्कीत ठेवून पाहिला. तेव्हा कळते की डिक्कीचा काठ किती उंच आहे. काठ उंच आणि आतली फरशी खोल असेल तर कट्टा आधी कमरेपर्यंत उचलावा लागतो, मग आत वाकून सोडावा लागतो, आणि काढताना पुन्हा तेच. लिटर जास्त असलेली गाडी इथे मागे पडू शकते. तोंडाची रुंदीही वरपेक्षा खाली मोजावी, कारण कट्टा खालूनच सरकतो.
मागच्या सीटची पाठ पाडून पाहिली. पंचची पाठ एकसंध पडते. म्हणजे लांब पाइप न्यायचा तर मागे कुणी बसू शकत नाही. तुकड्यांत दुमडणारी सीट असती तर बरे झाले असते. ही उणीव मी वहीत लिहून ठेवली.
पण तिची दारे जवळजवळ काटकोनात उघडतात. आई काठी आत ठेवून, पाठ वळवून, आधी बसल्या आणि मग पाय आत घेतले. कुणाचा हात धरावा लागला नाही. दुसऱ्या गाडीत दार अर्ध्यावर अडले तेव्हा त्यांना पाय दुमडून आत घ्यावा लागला आणि चेहऱ्यावर कळ दिसली. सीटची उंची आणि दाराचे उघडणे हे माहितीपत्रकात सापडत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सोबत न्यावे.
छतावरच्या पट्ट्यांबद्दलही विचारले. पुष्कळ गाड्यांत त्या नुसत्या शोभेच्या असतात. त्यांना मोटर किंवा पाइप बांधू नयेत.

रविवार, 21 सप्टेंबर
सर्वपित्री अमावास्या. संध्याकाळी दिरांशी गाडी गोंदियाहून घ्यायची की बालाघाटहून यावर बोलणे झाले. आमचे अर्धे गणगोत गोंदियाकडे, त्यामुळे तिकडून गाडी घेऊन तिकडचीच पाटी ठेवण्याचा मोह सीमेवरच्या पुष्कळांना होतो. जीएसटी दोन्हीकडे सारखाच. रस्ताकर मात्र राज्याचा असतो. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवी नोंदणी करावी लागते. मग ना-हरकत पत्र, पुन्हा कर, जुन्या कराच्या परताव्यासाठी हेलपाटे. जिथे राहतो तिथलीच नोंदणी बरी. आमची एमपी-50, माहेरची एमएच-35, आणि दोन्ही पाट्या बाघ नदीच्या पुलावरून सारख्याच ये-जा करतात.
दुसरी गोष्टही बोललो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत घरचा माल न्यावा, पण भाडे घेऊन दुसऱ्याचा नेऊ नये. त्याला परवाना वेगळा लागतो, आणि अपघात झाला तर विमा तिथेच अडतो.

बुधवार, 24 सप्टेंबर
परवा घट बसले. आज पंचची टेस्ट ड्राइव्ह, आणि मी आधीच सांगून ठेवले होते की गाडी भरून चालवणार. तांदळाचे कट्टे घातले, आई आणि हे बसले, आणि भरवेलीवरून गांगुलपाऱ्याच्या घाटाकडे निघालो. या रस्त्यावर उकव्याच्या खाणीतून मँगनीजचे ट्रक येतात, त्यामुळे चढावर थांबून पुन्हा उचलावे लागते. गाडीची खरी परीक्षा तिथेच.
1200 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागले, दुसऱ्यात टाकले की सरळ चढले. ओव्हरटेक करायला जोर कमी पडतो, तो धीर आपण ठेवायचा. उतारावर मात्र दुसऱ्या गिअरमध्ये गाडी छान आवरली, ब्रेक तापले नाहीत. वळणावर डोलली नाही. परत आल्यावर खाली वाकून पाहिले, मागचा भाग बसला होता पण चाकाला वर पुरेशी जागा होती. 2021 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते. घाट उतरताना त्या ताऱ्यांची किंमत कळते.

गुरुवार, 2 ऑक्टोबर, दसरा
पंच पेट्रोल, हाताच्या गिअरची, बालाघाटच्या पाटीची. नेक्सॉन जास्त दमदार आणि सीटही जास्त सोयीची, पण तिच्या जास्तीच्या पैशांत आमच्या पॅकिंगचे नवे यंत्र येते. रोजचे काम, आईंचे बसणे, शेताची वाट आणि गावातच होणारी सर्व्हिसिंग, या चारही गोष्टी पंचमध्ये जमल्या. आपट्याची पाने, झेंडूचे तोरण आणि बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक. आईंनी नारळ फोडला.
डिक्कीखालची स्टेपनी तिथेच काढून दाखवायला सांगितली. पुष्कळ गाड्यांत ती चालू चाकांपेक्षा लहान असते आणि तिच्यावर वेग मर्यादित ठेवावा लागतो. हे घरीच माहीत झालेले बरे.

रविवार, 12 ऑक्टोबर
मुक्कीचा पहिला माल पोचला. भरताना नियम केला: जड कट्टे खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून, मोकळे सामान मागे, आणि सगळे पट्ट्याने बांधलेले. जोरात ब्रेक लागला तर मोकळा कट्टा मागच्या माणसाच्या पाठीवर येतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब वेगवेगळा लिहिला आहे. माल भरायच्या आदल्या संध्याकाळी मागच्या चाकांत तेवढी हवा भरून घेतली. चांगली गाडीही कमी हवेवर ओझे नेत असेल तर टायर तापतो, फुगतो आणि घाटात फुटतो.
जावेची बहीण कटंगीला गाडी घेणार आहे, तिने आज फोन करून विचारले, "कुठली घेऊ?" मी नाव सांगितले नाही. इतकेच सांगितले: आधी आठवडाभराचे ओझे लिहून काढ. त्यातले सगळ्यात जड पोते आणि घरातले सगळ्यात म्हातारे माणूस शोरूमला सोबत ने. गाडी भरून चढावर चालव. मग रंग बघ.